हिरव्या अंड्याची गोष्ट

मागच्या आठवड्यात भाचेबुवांकडून एक पार्सल आलं. उघडलं तर आत जाडजूड पुस्तक, आणि पहिल्या पानात पिवळी चिठ्ठी चिकटवलेली - "मावशी, आधी तू वाच. आणि या वेळी खरं सांग."

पुस्तकाचं नाव 'मर्टाग'. लेखक ख्रिस्तोफर पाओलिनी. २०२३ साली आलेलं.

चिठ्ठी वाचून आधी हसू आलं आणि मग पोटात कुठेतरी बारीक टोचलं. कारण "या वेळी" या दोन शब्दांमागे सतरा-अठरा वर्षांपूर्वीची एक दिवाळी आहे. ते प्रकरण मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. ताईला अर्धंच माहीत आहे. तर आज सगळंच लिहून टाकते. (ज्यांना 'एरागॉन' मालिका अजून वाचायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं. पुढे सगळी गुपितं फुटणार आहेत.)

ज्यांना ही मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत माँटाना नावाचं एक डोंगराळ राज्य आहे. तिथे घरीच शिकलेल्या एका मुलाने पंधराव्या वर्षी ड्रॅगनची कादंबरी लिहायला घेतली. आईवडिलांनी ती २००२ मध्ये स्वखर्चाने छापली आणि हे कुटुंब शाळा-लायब्रऱ्यांमधून पुस्तक घेऊन हिंडलं. कार्ल हायासेन नावाच्या लेखकाच्या सावत्र मुलाच्या हाती ते पडलं, त्याला आवडलं, आणि तिथून ते न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशनाकडे गेलं. २००३ मध्ये 'एरागॉन' नव्याने आलं, २००५ मध्ये दुसरा भाग 'एल्डेस्ट'. एकूण तीन भाग होणार असं ठरलेलं होतं. हे "तीन" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाचा तेव्हा दहा वर्षांचा. मराठी शाळेतला. इंग्रजी पुस्तक म्हटलं की लांब पळणारा. मे महिन्याच्या सुट्टीत तो माझ्याकडे पुण्याला यायचा. २००६ च्या सुट्टीत मी त्याला 'एरागॉन' वाचून दाखवायला सुरुवात केली. म्हणजे एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा आणि लगेच मराठीत सांगायचा. दुपारी बाहेर रणरणतं ऊन, आत कूलरचा आवाज, आणि आम्ही दोघं जमिनीवर लोळून अलागेझियात. सफिरा या निळ्या ड्रॅगनला आम्ही "ड्रॅगनबाई" म्हणायचो, कारण ती बोलायची अगदी आमच्या आजीसारखी. थोडक्यात आणि ऐकून घ्यायलाच लागेल असं.

त्या पुस्तकात नवं काही नाही हे मला तेव्हाही कळत होतं. शेतावरचा अनाथ पोरगा, म्हातारा गुरू, कैदेतली राजकन्या, दुष्ट सम्राट... 'स्टार वॉर्स' पाहिलेल्या कुणालाही वाटा ओळखीच्या वाटाव्यात. पण दहा वर्षांच्या मुलाला त्याचं काय! त्याच्यासाठी ते सगळं पहिल्यांदाच घडत होतं. आणि एक गोष्ट खरोखर छान होती, तिथली जादूची भाषा. त्या प्राचीन भाषेत वस्तूचं खरं नाव उच्चारलं की ती तुमच्या हुकमात येते. आणि त्या भाषेत खोटं बोलताच येत नाही. एल्फ लोक मात्र इतके हुशार की खोटं न बोलता फसवतात. अर्धं खरं सांगायचं आणि उरलेलं गिळायचं.

आणखी एक. नायक एका तान्ह्या मुलीला त्या भाषेत आशीर्वाद देतो आणि व्याकरणात चुकतो. "तुझं रक्षण होवो" म्हणायचं असतं, तो म्हणून बसतो "तू इतरांची ढाल हो". त्या एका चुकीने एल्वा नावाच्या त्या पोरीचं बालपण संपतं. आसपासच्या प्रत्येकाचं दुखणं तिला जाणवायला लागतं. हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणून बाई शुद्धलेखन तपासतात होय!"

'एल्डेस्ट' संपलं ते अशा जागी, की मोठी माणसंही चडफडावीत. मर्टाग, नायकाचा मित्र, शत्रूच्या बाजूने लाल ड्रॅगनवर बसून येतो, आपण सख्खे भाऊ आहोत असं सांगतो आणि नायकाची तलवार घेऊन निघून जातो. दुष्ट सम्राट गॅलबटोरिक्सकडे आता एकच अंडं उरलंय. हिरवं. त्यातून निघणारा ड्रॅगन कुणाचा असेल?

भाच्याने एक शंभर पानी वही केली. वर लिहिलं "हिरवं अंडं". आत उमेदवारांची यादी, प्रत्येकापुढे बाजूने आणि विरुद्ध मुद्दे. आर्या ही एल्फांची राजकन्या यादीत पहिली होती. नंतर त्याने ती खोडली. कारण म्हणे, "फार सोपं उत्तर आहे, लेखक एवढा सोपा नसणार." मग नायकाचा चुलतभाऊ रोरन. मग एल्वा. दर रविवारी फोन यायचा, ताईचं बोलणं उरकलं की हा फोन हिसकावून घ्यायचा, "मावशी, नवीन मुद्दा सुचलाय!"

आता वाट पाहण्याचा हिशेब बघा. दुसरा भाग ऑगस्ट २००५, तिसरा सप्टेंबर २००८. मधे तीन वर्षं. दहा वर्षांच्या मुलासाठी तीन वर्षं म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा आयुष्य. माझ्या त्या वेळच्या वयाला हाच हिशेब लावला तर दहा-अकरा वर्षं होतात. कुठल्या पुस्तकासाठी मी दहा वर्षं थांबले असते?

त्यात २००७ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली की गोष्ट तीन भागांत मावत नाहीये, चौथाही भाग होणार. भाचा खूश. "म्हणजे अजून एक पुस्तक!" मी मात्र जरा साशंक. घरात लग्नाच्या याद्या करताना "अजून थोडे वाढले" असं कुणी म्हटलं की पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

'ब्रिसिंगर' आलं, सुमारे साडेसातशे पानांचं, मुखपृष्ठावर सोनेरी ड्रॅगन. दिवाळीला भाच्याला द्यायचं म्हणून मी ऑक्टोबरमध्येच विकत घेतलं. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, आणि त्याने जाहीर केलं होतं की हे पुस्तक मी एकटा वाचणार. मराठीत सांगायचं नाही. आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पुस्तक, स्वतः.

आता कबुली. भेटीचं पुस्तक मी आधी चोरून वाचलं. ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं, पाठीला सुरकुती पडू नये म्हणून अर्धवट उघडून, चहा लांब ठेवून. आठ रात्री.

आणि माझी फार निराशा झाली.

वाईट भाग आधी सांगते. पुस्तक संपलं तेव्हा मी स्वतःला विचारलं, काय बदललं? सम्राट सुरुवातीला आपल्या राजधानीत बसलेला होता, शेवटीही तिथेच. एकदाही समोर आला नाही. मधे नायक या टोकाकडून त्या टोकाकडे जातो, येतो, परत जातो. बुटक्यांच्या राज्यात नवा राजा निवडायचाय, तर त्यांच्या टोळ्यांची सभा, सभेआधीच्या भेटीगाठी, सभेतली भाषणं... सोसायटीची वार्षिक सभा बरी, तिथे निदान शेवटी चहा-बटाटेवडा मिळतो. रोरन एकटा एका लढाईत १९३ सैनिक मारतो. दहा मारले असते तर माझा जीव वर-खाली झाला असता, १९३ म्हटल्यावर मी जांभई दिली. पहिल्या भागातला शेड, दुष्ट आत्म्यांनी पछाडलेला जादूगार, आम्हाला रात्री झोपू देत नव्हता. इथे शेवटी शेवटी एक नवा शेड तयार होतो आणि काही पानांत मरूनही जातो. आणि मर्टागने केलेला तो मोठा स्फोट? तोही निम्मा मागे घेतला. बाप वेगळा निघाला, गुरू ब्रॉमच खरा बाप. सफिराला हे माहीत होतं!

हिरवं अंडं? साडेसातशे पानांनंतरही ते अंडंच होतं.

आता न्यायाने चांगलंही सांगायला हवं. सगळं पुस्तक टाकाऊ नव्हतं. सुरुवातीला गावाशी गद्दारी केलेला खाटीक स्लोन नायकाच्या हाती लागतो. आंधळा, मोडलेला. त्याला मारायचं, सोडायचं की बरोबर न्यायचं, या पेचाची पानं मला आजही आठवतात. एल्वावरचा शाप नायक सुधारायला जातो आणि तीच आपली शक्ती पूर्ण सोडायला तयार होत नाही, ते उत्तम. तलवार घडवण्याचा प्रसंग सुंदर. पुन्हा शस्त्र घडवणार नाही अशी शपथ घेतलेली एल्फ लोहारीण नायकाचे हात वापरून ती घडवते, शपथ मोडत नाही आणि तलवारही होते. आणि शेवटी म्हातारा गुरू आणि त्याचा सोनेरी ड्रॅगन मरतात, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे लेखकाला लिहिता येत होतं. म्हणूनच तर राग आला! तीनशे पानांचं चांगलं पुस्तक साडेसातशे पानांत पुरून ठेवलं होतं.

या पुस्तकाचं उपशीर्षक आहे नायकाने आणि सफिराने दिलेल्या सात वचनांबद्दलचं. गंमत बघा. नायक सगळी वचनं पाळायला जिवाचं रान करतो, आणि लेखकाने वाचकाला दिलेलं एकुलतं एक वचन - तिसऱ्या भागात गोष्ट पूर्ण करेन - ते तेवढं राहून गेलं.

असो. दिवाळीला आम्ही नाशिकला ताईकडे गेलो. पुस्तक कव्हर काढून, रंगीत कागदात बांधून दिलं. भाच्याने कागद टराटरा फाडला, पुस्तक छातीशी धरलं आणि विचारलं, "मावशी, तू वाचलंस ना? मला माहितीये तू वाचलंयस. कसं आहे?"

सगळे बघत होते. आई, ताई, भाऊजी, फराळाची ताटं. आणि मी म्हणाले, "अरे, केवढं मोठ्ठं आहे! तुला खूप दिवस पुरेल. तलवारीचा भाग तर काय सुंदर आहे!"

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तीन आठवड्यांनी फोन आला. ताईने नेहमीच्या गप्पा मारल्या, मग हा आला. आवाज नुकताच फुटायला लागलेला. म्हणाला, "मावशी, तू एल्फांसारखं बोललीस."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे खोटं नाही बोललीस. पण फसवलंस. मला वाटलं मलाच इंग्रजी नीट कळत नाहीये. मला वाटलं भारी काहीतरी चाललंय आणि मला समजत नाहीये. म्हणून मी दोनशे पानं परत वाचली."

त्या वाक्याने मी आजही अस्वस्थ होते. एक तेरा वर्षांचं पोर पहिल्यांदा परकी भाषा एकट्याने चढून जायला निघालेलं. पुस्तक रटाळ होतं, पण त्याला वाटलं आपणच कमी पडतोय. आणि तसं वाटायला मी मदत केली. "मधला भाग कंटाळवाणा आहे, मलाही आला कंटाळा, पानं उलटून पुढे जा" इतकंच सांगायचं होतं. भेटीचा आनंद जाऊ नये म्हणून मी ते गिळलं.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय, आणि त्यासाठीच हा सगळा प्रपंच. मुलांच्या पुस्तकांबद्दल आपण मोठी माणसं फार सैल बोलतो. "मुलांचंच तर आहे, चालतंय." "वाचतोय ना काहीतरी, मग झालं." मला वाटतं यात मुलांचा अपमान आहे. आपण स्वतःसाठी कादंबरी घेतो तेव्हा दोन प्रकरणांत बाजूला टाकतो, कारण टाकायचा हक्क आपल्याला माहीत असतो. मुलाला तो माहीत नसतो. त्याला वाटतं छापलंय म्हणजे बरोबर, आणि कंटाळा आला म्हणजे चूक आपली. ज्याला बचाव करता येत नाही त्याच्यासाठी कसोटी जास्त कडक हवी की सैल?

लोक म्हणतील, लेखकही पोरगाच होता. खरंय. 'ब्रिसिंगर' आलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, आणि साऱ्या जगाचं लक्ष त्याच्यावर. माझा राग त्याच्यावर कमीच आहे. चोवीस वर्षांच्या कुणालाही आपण लिहिलेलं सगळंच कापायला नकोसं वाटतं. मी तेव्हा लिहिलेल्या कविता तुम्ही वाचलेल्या नाहीत म्हणून आपली मैत्री टिकून आहे. पण पुस्तक एकटा लेखक काढत नाही. आसपासच्या मोठ्या माणसांपैकी कुणीतरी लाल पेन्सिल हातात घेऊन बसायला हवं होतं. पहिलं पुस्तक खपत नाही तेव्हा सगळे कात्री घेऊन येतात. तिसरं पुस्तक खपणारच आहे हे कळलं की कात्री ड्रॉवरमध्ये जाते.

आणि विक्रीचं म्हणाल तर पहिल्या दिवशी साडेपाच लाख प्रती खपल्या. पण पहिल्या दिवशी पुस्तक विकत घेणाऱ्याने ते वाचलेलं नसतं! पहिल्या दिवसाची विक्री ही मागच्या पुस्तकाची पुण्याई. आमची प्रतही त्याच पुण्याईवर घेतलेली.

मग पुढच्या भागाने करायचं तरी काय? सगळी उत्तरं देऊन टाकावीत असं मी म्हणत नाही. 'क्रमशः' हा शब्द आपण मासिकांत वाचतच वाढलो, त्यात मजा आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आम्ही हाताला लागेल त्या क्रमाने वाचायचो. प्रत्येक पुस्तक आपल्या पायावर उभं, वाट पाहायची भानगडच नाही. पण जिथे तुम्ही मुलाला थांबायला सांगता, तिथे थांबण्याचं काहीतरी मोल द्या. पुस्तक मिटताना एक तरी मोठी गोष्ट कायमची हललेली असावी. वहीतल्या एका तरी प्रश्नापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करता यावी.

एक मान्य करते. सगळा दोष पुस्तकाचा नव्हता. भाचा दहाचा तेराचा झाला होता, क्रिकेट आलं होतं, मित्र आले होते. 'ब्रिसिंगर' उत्तम असतं तरी पुढेमागे तो ड्रॅगनबाईच्या पाठीवरून उतरलाच असता, कदाचित. पण स्वतःहून उतरणं वेगळं आणि कंटाळून घसरणं वेगळं. ती वही त्याने त्यानंतर उघडली नाही. रविवारचे फोन महिन्यातून एकदा झाले, मग सणावारी.

नोव्हेंबर २०११ मध्ये चौथा भाग आला, 'इनहेरिटन्स'. भाचा अकरावीत, क्लासेसच्या गर्दीत. मी एकटीने वाचलं. हिरवं अंडं शेवटी आर्यासाठी फुटलं. पुस्तक तसंच मांडीवर ठेवून मी त्याला एसेमेस केला, "हिरवं अंडं आर्याचं."

दोन दिवसांनी उत्तर आलं. "मी पहिली तीच लिहिली होती. खोडली."

त्यावर काय लिहावं मला सुचलं नाही. स्मायली टाकली.

आता तो तिशीचा आहे, नोकरीसाठी दूरच्या शहरात. इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, बायकोला रात्री पुस्तकं वाचून दाखवतो असं ताई सांगते. त्याने 'मर्टाग' स्वतः वाचलेलं नाही. आधी माझ्याकडे पाठवलं. म्हणजे माझ्यावर अजून विश्वास आहे, किंवा माझी परीक्षा आहे. बहुतेक दोन्ही.

मी सत्तर पानं वाचली आहेत. या वेळी ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं नाही, पाठीला सुरकुत्या पडू देते आहे, आणि शेजारी वही घेऊन बसते. जिथे कंटाळा येतो तिथे पानाचा आकडा टिपते, जिथे झोप उडते तिथेही. आत्तापर्यंत दोन्हीकडे आकडे आहेत. मत ठरलं की त्याला फोन करणार आहे, एसेमेस नाही. जे असेल ते सांगेन, मधलं काही न गिळता.

ताई, तू हे वाचशीलच. त्याला एवढ्यात काही बोलू नकोस. आणि माळ्यावरच्या त्याच्या शाळेच्या खोक्यात ती शंभर पानी वही असेल तर रद्दीत घालू नकोस, मला हवी आहे.